तट ढासळण्यापूर्वी

२०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील हजारो घरांनी एक विचित्र दुर्दैव अनुभवले. कोरोनाशी झुंज देऊन माणूस घरी परतला, दारात त्याचे औक्षण झाले, नातेवाइकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि आठ-पंधरा दिवसांत त्याच माणसाचा एक गाल बधिर झाला, डोळा सुजला, टाळूवर काळा डाग दिसू लागला. म्युकरमायकोसिस हा उच्चारायलाही अवघड शब्द तोवर वैद्यकाच्या पुस्तकाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. तो चार दिवसांत घरोघरी पोहोचला. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनची चिठ्ठी हातात घेऊन मुले, भाऊ, जावई दुकानामागून दुकाने पालथी घालू लागले. मराठवाड्यातून सोलापूर, लातूर, संभाजीनगर आणि पुण्याकडे रुग्णवाहिका धावू लागल्या. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा वरचा जबडा. पुष्कळांचे प्राणही वाचले नाहीत.

२० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य ठरविण्याची सूचना राज्यांना केली. ७ जून रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी दिलेल्या माहितीनुसार देशात २८,२५२ रुग्णांची नोंद झाली होती. त्यांतील ६,३३९ म्हणजे सर्वाधिक रुग्ण एकट्या महाराष्ट्रातील होते. एकूण रुग्णांपैकी ८६ टक्के लोकांना आधी कोरोना होऊन गेला होता आणि ६२ टक्क्यांहून अधिक लोकांना मधुमेह होता. सरकारी यंत्रणा त्या वेळी हलली, हे मान्य केले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचा समावेश झाला, वर्ध्याच्या एका कंपनीत इंजेक्शनचे उत्पादन सुरू झाले, वस्तू व सेवा कर परिषदेने १२ जून रोजी त्यावरील कर शून्यावर आणला. पुढे लाट ओसरली, इंजेक्शन मिळू लागले आणि विषय मिटला.

वस्तुतः तो मिटलेला नाही. इंजेक्शनासाठी झालेली वणवण समाजाच्या लक्षात राहिली, पण इंजेक्शनाची वेळ का आली, हे मात्र विस्मरणात गेले. धाराशिवसारख्या जिल्ह्याला हे विस्मरण परवडणारे नाही. २०१८ मध्ये निती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांपैकी एक हा होता. म्युकरमायकोसिसची साथ आली तेव्हा जिल्ह्यात ॲलोपॅथीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, ते त्यानंतर सुरू झाले. परंडा, भूम, वाशी, लोहारा येथील रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया हवी असेल, तर आजही बहुधा जिल्ह्याची सीमा ओलांडावी लागते. ज्या आजारात एकेक दिवस मोलाचा असतो, तिथे अंतर हाच अर्धा शत्रू असतो. म्हणून या जिल्ह्याची लढाई शस्त्रक्रियागृहात पोहोचण्याच्या कितीतरी आधी, घरात आणि गावात लढली गेली पाहिजे.

त्यासाठी आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. ‘काळी बुरशी’ हे नाव मुळातच फसवे आहे. ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि त्यामुळे मेलेले मांस काळे पडते. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. या रुग्णांना २०२१ मध्ये काही ठिकाणी वाळीत टाकल्यासारखे वागविले गेले, ते निव्वळ अज्ञान होते. बुरशीचे सूक्ष्म कण मातीत, उकिरड्यात, भिजलेल्या कडब्यात, कुजलेल्या पालापाचोळ्यात आणि आपल्या श्वासातही रोजच असतात. निरोगी माणसाच्या फुप्फुसांतील व रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा तिथल्या तिथे निकाल लावतात. परंड्याचा किल्ला खंदकामुळे आणि तटामुळे सुरक्षित राहतो. बाहेर शत्रू नव्हता म्हणून नव्हे. तट ढासळला की मगच आतल्यांची कसोटी लागते. बुरशीचेही तसेच आहे.

हा तट तीन-चार वाटांनी ढासळतो आणि प्रत्येक वाटेने येणारी बुरशी वेगळी असते. मधुमेह हाताबाहेर गेला, रक्तात आम्ल वाढले, की म्युकर जातीच्या बुरशीला साखर आणि मोकळे झालेले लोह असे दोन्ही खाद्य आयते मिळते. कर्करोगाच्या औषधांनी पांढऱ्या पेशी घटल्या की ॲस्परजिलस फुप्फुसात मूळ धरते. एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी खाली गेल्या की तोंडात पांढरा थर येतो आणि क्रिप्टोकॉकस मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. या साऱ्यांहून अधिक घरांत शिरलेली चौथी वाट म्हणजे स्टेरॉइड. ते पांढऱ्या पेशींना मंद करते आणि त्याच वेळी रक्तातील साखरही चढवते. तटाचा पहारेकरी झोपवायचा आणि शत्रूला रसदही पुरवायची, अशी ही दुहेरी करणी आहे.

स्टेरॉइड हे वाईट औषध आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दमा, संधिवाताचे काही प्रकार, मूत्रपिंडाचे विकार, प्रत्यारोपण यांत त्याने असंख्य प्राण वाचविले आहेत. कोरोनातही जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले, की डेक्सामेथासोनची दिवसाला ६ मिलिग्रॅमची मात्रा जास्तीत जास्त १० दिवस दिली, तर ऑक्सिजन किंवा कृत्रिम श्वासोच्छ्वास लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र लाभ दिसला नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले होते. पहिले वाक्य साऱ्या देशाने ऐकले, दुसरे फार थोड्यांनी. घरी झोपलेल्या, साधा ताप असलेल्या रुग्णांनाही गोळ्या सुरू झाल्या. काहींची साखर एकदाही तपासली गेली नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात देशातील १६ रुग्णालयांमधील म्युकरमायकोसिसच्या २८७ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतील १८७ जणांना कोरोना झाला होता आणि त्या १८७ पैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांना स्टेरॉइड मिळाले होते. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना कोरोनाखेरीज दुसरा कोणताही पूर्वविकार नव्हता. दुसरी लाट त्यानंतरची आहे.

कोरोना मागे पडला, स्टेरॉइडची सवय मात्र गेली नाही. कंबर धरली, गुडघे सुजले, की आठवडी बाजारातून मिळणारी बिननावाची पुडी आणि ती घेताच चोवीस तासांत येणारा आराम खेडोपाडी सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइडची भुकटी मिसळलेली असते. ती आयुर्वेदाच्या नावाने विकली जाते, ही आणखी चीड आणणारी बाब. ज्या शास्त्रात पथ्य, काळ आणि प्रकृती यांचा विचार केल्याशिवाय मात्रा दिली जात नाही, त्याच्या नावाने हा धंदा चालावा आणि आयुर्वेदाभिमान्यांनी त्यावर मौन बाळगावे, हे शोभणारे नाही. गजकर्ण-नायट्यावरील मलमांचीही तीच गत आहे. दुकानदाराने दिलेल्या ट्यूबमधील स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, पण खालची बुरशी पसरत राहते आणि मग कोणत्याच औषधाला दाद देत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. नियम आहे, तो पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी कुणालाही आपल्याच गावातील दुकानात उभे राहता येईल.

इथे एक इशारा आवश्यक आहे. हे वाचून कुणी आपल्या घरातील वृद्धाची चालू असलेली स्टेरॉइडची गोळी एकाएकी बंद करू नये. दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्याच्या शरीराने स्वतःचे तत्सम द्रव्य बनविणे थांबविलेले असते आणि गोळी अचानक थांबली तर जिवावर बेतू शकते. मात्रा टप्प्याटप्प्याने डॉक्टरांनीच उतरवायची असते. कुटुंबाने करायचे ते एवढेच, की औषधाचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख कागदावर लिहून ठेवायची, प्रत्येक डॉक्टरांना तो कागद दाखवायचा, आणि ‘किती दिवस?’ हा प्रश्न विचारायला संकोचायचे नाही.

तसेच साखर तपासायची. तीही योग्य वेळी. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने साखर चढते ती प्रामुख्याने दुपारी आणि संध्याकाळी. सकाळी उपाशीपोटी तपासणी केली की आकडा ठीक दिसतो, घर निर्धास्त होते आणि जेवणानंतर तोच आकडा तीनशेच्या पुढे गेलेला असतो, असे घडू शकते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बोटाच्या टोकावरील रक्ताचा एक थेंब तपासला, तर हा लपंडाव उघडा पडतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि ज्यांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नाही, अशांची संख्याही मोठी आहे. जनकल्याण समितीच्या रुग्णसाहित्य केंद्रांतून खाट, चाकाची खुर्ची, प्राणवायूचे यंत्र गरजूंच्या घरी जाते. त्याच शेल्फवर ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांची डबी का असू नये? प्राणवायूचे यंत्र देताना त्याच्या बाटलीतील पाणी उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड असावे, रोज बदलावे आणि बाटली धुऊन वाळवावी, हे दोन वाक्यांत सांगण्याची जबाबदारीही यंत्र देणाऱ्याचीच आहे.

कर्करोगाच्या रुग्णांचा विचार या जिल्ह्यात बार्शीला वगळून करता येत नाही. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली, तरी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथे सुरू झाली तेव्हा परंडा आणि भूम तालुक्यांतील गावेही तिच्यात होती. तेथील नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात किंवा लातूरच्या विवेकानंद रुग्णालयात औषधाचा डोस घेऊन रुग्ण बसने गावी येतो, तेव्हा साधारण दुसऱ्या आठवड्यात त्याच्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. नेमके याच दिवसांत त्याला कुठे झोपवतात? पुष्कळदा घरातील ‘शांत’ खोलीत, जिथे कांद्याची चाळण, धान्याची पोती आणि कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असतात. खळ्यावर सोयाबीनची मळणी चालू असेल, तर उडणारा भुसा साऱ्या घरात येतो. भिजलेल्या सोयाबीनच्या त्या धुरळ्यात बुरशीचे कण किती असतात, हे मळणीयंत्राजवळ एक तास उभ्या राहणाऱ्याच्या नाकाला कळते. अशा रुग्णाला धान्य-चाऱ्यापासून दूर, कोरड्या, ओल न आलेल्या खोलीत ठेवावे. त्याने त्या काळात मळणी, उकिरडा, गोठ्याची झाडलोट आणि बागेतील खुरपणी यांपासून लांब राहावे. बाहेर पडताना एन-९५ मास्क वापरावा. गाईविषयीची श्रद्धा जितकी दृढ, तितकीच ही खबरदारीही मनापासून घ्यावी. शेणाचा ढीग उपसण्याचे काम निरोगी माणसाने करावे. दुखणेकऱ्याच्या अंगाला शेण फासण्याचा प्रकार तर कोणत्याही कारणाने होऊ नये. २०२१ मध्ये डॉक्टरांना तसा इशारा जाहीरपणे द्यावा लागला होता.

स्वयंपाकघरातही थोडा निष्ठुरपणा हवा. लोणच्यावर आलेला पांढरा थर चमच्याने काढून खालचे वाढणे, भाकरीचा बुरसटलेला कोपरा मोडून उरलेली खाणे, खवट शेंगदाणे कुटात घालणे या काटकसरी आपल्या आजी-आईने निभावल्या, कारण त्यांचा तट शाबूत होता. रुग्णाच्या ताटात हे नको.

एचआयव्हीबाधितांविषयी मध्यमवर्गीय घरांत बोलले जात नाही, आणि न बोलण्यानेच अधिक हानी होते. वाशी, भूम, कळंबकडील ऊसतोड मजुरांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांतील कुणाची औषधे चालू असतील आणि फडावर ती संपली, तर पाच महिन्यांत पेशी खाली येतात. मग सतत डोके दुखते, मान आखडते, ताप येतो, मुकादम मलेरियाची गोळी देतो. तो क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर असू शकतो, हे ओळखेपर्यंत उशीर झालेला असतो. सीडी-४ पेशी शंभराखाली गेलेल्या रुग्णाच्या रक्तात या बुरशीचा अंश शोधणारी तपासणी लक्षणे दिसण्याआधीच करता येते आणि ती सकारात्मक आली, तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांनी मेंदूज्वर टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेची तशी शिफारसही आहे. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला उपचार केंद्रातून एकावेळी अनेक महिन्यांची औषधे देण्याची तरतूद आहे. टोळी निघण्यापूर्वी ती मिळाली की नाही, हे पाहणारा कुणीतरी गावात हवा. नाव न फोडता हे करणे अवघड आहे, अशक्य नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्याच स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. गुप्तता पाळणारी, विश्वासाची शेजारीण आरोग्यसेवेत काय करू शकते, हे या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नाही.

क्षयाचीही एक गोष्ट इथे नोंदविली पाहिजे. क्षय बरा झाल्यावर फुप्फुसात पोकळी उरते, तिच्यात ॲस्परजिलस घर करते आणि काही वर्षांनी पुन्हा खोकला, पुन्हा थुंकीतून रक्त सुरू होते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, तरी ‘पुन्हा क्षयच’ म्हणून तीच औषधे दिली जातात. अशा वेळी बुरशीची शंका घेणे, एवढे तरी व्हावे.

बुरशीवर लस नाही आणि औषधांचे प्रकार मोजकेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची यादी प्रथमच जाहीर केली, ती याच चिंतेतून. द्राक्षबागांत आणि इतर पिकांवर फवारली जाणारी काही बुरशीनाशके आणि माणसाला दिली जाणारी ॲझोल गटाची औषधे ही एकाच कुळातील आहेत. या औषधांना न जुमानणारी ॲस्परजिलस भारताच्या मातीतही सापडल्याचे २०१२ मध्ये संशोधकांनी नोंदविले आहे. बागायतदाराने फवारणी सोडावी, असे कुणी म्हणणार नाही. पण शेजाऱ्याने मारली म्हणून आपणही मारायची, ही पद्धत कृषी विभागाने आणि शेतकऱ्यांच्या गटांनी थांबवायला हवी.

एवढे करूनही बुरशी शिरली, तर वेळ गमावता कामा नये. मधुमेही, स्टेरॉइडवरचा किंवा नुकताच मोठ्या आजारातून उठलेला माणूस एकाच बाजूचा गाल दुखतो किंवा बधिर झाला म्हणतो, नाकातून काळपट वा रक्तमिश्रित स्राव येतो, वरचे दात अकारण हलतात, पापणी झुकते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, तेव्हा ‘सर्दी असेल’, ‘दाढ किडली असेल’ म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. नाकातील स्रावाचा किंवा तुकड्याचा नमुना काचेवर घेऊन साध्या रसायनाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की बुरशीचे तंतू काही वेळातच दिसू शकतात. ही तपासणी महागडी नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात ती करू शकणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ असावा, ही मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरण्याजोगी आहे. नवीन इमारतीच्या भूमिपूजनाइतके तिचे छायाचित्र निघणार नाही, हे खरे. आणि ज्या रुग्णालयांच्या आवारात बांधकाम चालू आहे, तिथे अतिदक्षता विभाग आणि धूळ यांच्यामध्ये निदान जाड पडदा तरी असावा, येणाऱ्या-जाणाऱ्याने हात धुवावेत, गरज संपताच शिरेतील नळी काढावी. कँडिडा जातीची बुरशी बहुधा त्याच वाटेने रक्तात उतरते.

पावसाळ्यात शेतकऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या ही याच कुळातील सर्वांत साधी बुरशी. निरोगी माणसाला ती खाजण्यापुरती असते, मधुमेह्याला मात्र त्या भेगेतून जंतू शिरून पाय गमवावा लागू शकतो. पावसाळा सरतो तोच नवरात्र येते आणि कोजागरीला सोलापूरकडून हजारो भाविक पायी, त्यातही पुष्कळ अनवाणी, तुळजापूरला निघतात. वाटेवर जागोजागी सेवेकरी त्यांना जेवू घालतात, त्यांचे पाय चेपतात. पाय चेपणाऱ्याच्या हाताशी एक ग्लुकोमीटर, कोरडे फडके आणि बुरशीनाशक पावडर असली, तर बेचकी तपासून पुसायला आणि साखर बघायला पाच मिनिटे लागतात. ज्याची साखर चढलेली आणि बेचकी चिरलेली असेल, त्याला पायांत चपला घालूनच पुढे जाण्याची विनंती करावी आणि परतल्यावर डॉक्टरांना दाखविण्यासाठी त्याच्या हातात चिठ्ठी द्यावी. येत्या कोजागरीच्या सेवेची आखणी करणाऱ्यांनी पाण्याच्या टाक्या आणि मांडव यांच्या यादीत या तीन वस्तू आजच लिहाव्यात.